वजनाने!

२०२३ च्या अधिक श्रावणात ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरातून नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका घरी अनारशाच्या कृतीचा फोटो गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं कात्रण होतं ते. कडा पिवळ्या पडलेल्या, मधोमध तुपाचा बोटभर डाग आणि त्या डागातून मागच्या पानावरची जाहिरात उलटी दिसणारी. जाहिरातीतला फोन नंबर सात आकडी, म्हणजे २००२ मध्ये आपल्याकडचे नंबर आठ आकडी झाले त्याच्या आधीचं केव्हातरीचं. तारीख कात्रीत गेलेली. फोटो पाठवणारी थोरली जाऊ, मागणारी धाकटी. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि ते विकतचं नको, घरचंच हवं, असा धाकटीचा हट्ट. तिने कृती शब्दन्‌शब्द पाळली. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, निथळून वाळवले, कुटले, चाळले, गूळ मिसळून गोळे डब्यात भरून ठेवले. पाच दिवसांनी संध्याकाळी नौपाड्यात फोन वाजला. "ताई, पेपरात लिहिलंय तस्संच केलं हो. पहिला तुपात सोडला आणि हसला. दुसराही हसला." "गूळ वजनाने घेतलास ना?" "वजनाने? त्यात समप्रमाणात असं लिहिलंय. मी वाटीने घेतला." "अगं, कडेला पेन्सिलीने लिहिलंय की!" "कडेला काहीच नाहीये, ताई."

खरंच काही नव्हतं. फोटो पाठवताना थोरलीने तो सुबक दिसावा म्हणून चारी बाजूंनी छाटला होता, आणि छापील चौकटीबाहेर, समासात, तिच्या सासूबाईंच्या हातचा 'वजनाने!' हा उद्गारचिन्हासकटचा शब्द त्या छाटणीत गेला होता.

त्या एका शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

अनारशापुरतं पाहिलं तरी तो शब्द किती वजनाचा आहे ते कळतं. दोनशे मिलिलिटरची वाटी घ्या. चाळलेलं ओलसर तांदळाचं पीठ तिच्यात हलक्या हाताने भरलं तर ते जेमतेम शंभर ग्रॅम भरतं. त्याच वाटीत किसलेला गूळ दाबून भरला तर तो दीडशेच्या पुढे जातो. म्हणजे वाटीला वाटी घेणाऱ्या बाईच्या पिठात गूळ दीडपटीहून जास्त पडतो आणि तिला वाटत असतं, आपण समप्रमाणातच घेतलाय. गूळ तुपात गेला की वितळतो. पीठ त्याला धरून ठेवू शकेल इतकंच त्याचं प्रमाण असेल तर वितळलेल्या गुळाच्या जागी जाळी पडते. पिठाच्या ताकदीपेक्षा तो जास्त झाला की सगळा अनारसाच पसरतो, फाटतो, कढईभर होतो. यालाच आपण 'हसला' म्हणतो. तो हसतो आणि करणारीच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्यामागे आठ-नऊ दिवसांची मेहनत असते. वजनकाटा घरात नसेल आणि वाटीनेच मोजायचं असेल तर गूळ न दाबता, पाऊण वाटीच्या आसपास घ्यावा, हे एका वाक्यात सांगता येतं. त्या कात्रणात ते वाक्य नव्हतं.

आणखीही बरंच नव्हतं. तांदूळ जुना हवा. नवा तांदूळ चिकट होतो आणि जाळी धरत नाही. गूळ साधा, मऊ, पिवळा घ्यावा. चिकीचा घेतला तर अनारसा ओढल्यासारखा कडक होतो. निथळलेले तांदूळ सावलीत, सुती कापडावर पसरायचे, पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. मूठ दाबली की ओल जाणवावी आणि हात उघडला की दाणे तळव्याला चिकटून राहू नयेत, इतपतच. कात्रणात यासाठी 'थोडे वाळवून' एवढे दोनच शब्द होते. ठाण्यात ऐन श्रावणात 'थोडे' म्हणजे किती? ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत तासाभरात जे होतं त्याला जुलैच्या दमट हवेत पंख्याखाली चार तास लागतात. तांदूळ ओला राहिला तर पिठाच्या वजनात पाणीच जास्त येतं. म्हणजे अडीचशे ग्रॅम पीठ म्हणून जे मोजलं त्यात खरं पीठ कमी भरतं, गूळ मात्र पुरता अडीचशे ग्रॅम पडतो, शिवाय त्या जादा ओलीने तो आधीच पाझरायला लागतो. वजनाने घेऊनही अनारसा हसतो तो असा. दिवाळीसाठी लिहिलेली कृती अधिक महिन्यात जशीच्या तशी चालत नाही, आणि अधिक महिना तर कधी वैशाखात येतो, कधी श्रावणात.

तळण्याचंही तसंच. थापताना खसखस एका बाजूला लावायची, ती बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. का, ते लिहिलेलं नसतं. खसखस खाली गेली तर सुटून तुपात जळते आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला कडू काळे ठिपके लागतात. शिवाय जाळी वरच्या, मोकळ्या अंगाला उमलते, तिला कढईच्या तळाचा दाब नको असतो. तूप फार तापलं तर बाहेरून लाल होतो आणि जाळी पडायच्या आत घट्ट होतो. गार तुपात सोडला तर पिठाला पकड यायच्या आधीच गूळ निघून जातो. मध्यम आच, आणि आधी सुपारीएवढ्या गोळ्याचा एकच नमुना. तो हसला तर उरलेल्या गोळ्यात चमचा-दोन चमचे कोरडी तांदळाची पिठी मळून झाकून ठेवायचं आणि पुन्हा नमुना काढायचा. जाळीच नाही पडली, दगडासारखा झाला, तर पिठाला ओल कमी आहे. पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा किंवा चमचाभर दूध लावून मळायचं. ऐरोलीतल्या त्या काकूंना फोनवर हेच सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तेहतीस अनारसे चाळणीत उभे राहून निथळत होते. म्हणजे सगळी माहिती घरात होती, नात्यात होती. फक्त छापलेली नव्हती.

पुरवणीत पाककृती छापायची तर जागा ठरलेली असते. साहित्य, कृती आणि शेवटी टीप. पानावर जाहिरात वाढली की मजकूर खालून कापला जातो आणि पहिली जाते ती टीप. खाण्यावरचं जेवढं लिखाण वर्षानुवर्षं डोळ्यांखालून जातं त्यात माझ्या लेखी टीपेइतकं मोलाचं काही नाही. साहित्य आणि कृती म्हणजे सगळं नीट घडलं तर काय होतं त्याची हकिकत. बिघडतं कुठे, ते कसं ओळखायचं आणि बिघडल्यावर हातातलं पीठ कसं वाचवायचं, हे टीपेत असतं. म्हणून कुणी विचारलं की खाण्यावरचं काय वाचावं, कुठलं कात्रण ठेवावं, कुठला ब्लॉग जपून ठेवावा, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी शेवटची ओळ बघा. तिथे 'गरमागरम सर्व्ह करा' असेल तर पान उलटा. तिथे 'गोळा सैल वाटला तर' अशी सुरुवात असेल तर कात्री घ्या.

ही टीप आपल्या परंपरेत नवी नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या वैद्यकाच्या ग्रंथात कुंडलिका नावाचा पदार्थ दिलाय, म्हणजे आपली जिलबी. नवा घट आणा, त्याला आतून अर्धा प्रस्थ आंबट दह्याचा लेप द्या, दोन प्रस्थ मैदा, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप घोळून त्यात घाला, आणि आंबट होईपर्यंत उन्हात ठेवा. मापं बघा, प्रत्येक जिन्नसाला आहेत. आणि शेवटची खूण बघा. इतके प्रहर ठेवा असं तिथे म्हटलेलं नाही. आंबट होईपर्यंत ठेवा. ऊन कमी असेल तर जास्त वेळ, कडक असेल तर कमी. नव्या घटाला आतून आधी दही फासायचं, म्हणजे मातीच्या छिद्रांतही आंबवण शिरतं आणि पिठाला चहूकडून विरजण लागतं. वैद्यकाच्या पोथीत लिहिणाऱ्याने कढईपाशी उभं राहूनच हे पाहिलेलं असणार. घड्याळाच्या ऐवजी खूण देणारा लेखक वाचणाऱ्याच्या गावची हवा धरून चालतो. आजच्या कृतींमध्ये 'आठ तास आंबवा' असं वाचलं की मला वाशीतला मे महिना आणि पुण्यातला डिसेंबर एकदम आठवतात. पहिल्या ठिकाणी इडलीचं पीठ पाच तासांत भांड्याबाहेर येईल, दुसऱ्या ठिकाणी सकाळपर्यंत हललेलंही नसेल.

मापांची गंमत मराठी छापील पाककृतींना सुरुवातीपासून चिकटलेली आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आलं. त्या काळची मापं शेर, छटाक, तोळे, मासे यांची. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम, पण शेर गावोगावी वेगळा होता आणि मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा. म्हणजे 'वजनाने' हा शब्द तेव्हाही कुणीतरी समासात लिहीतच असणार. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना तोळ्यांचं ग्रॅममध्ये करत बसावं लागलं. मग १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि त्यांनी वाटी-चमचा हाताशी धरला. घरात काटा नसलेल्या, लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलीला वाटी आणि चमचा कुठेही मिळतो. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते पुस्तक माहेरून पाठवलं जातंय ते त्या वाटीमुळे. पण वाटीची खरी अट अशी की सगळे जिन्नस त्याच एका वाटीने मोजायचे आणि कृती वाटीवर बेतलेली असायला हवी. वजनावर बेतलेली कृती 'समप्रमाणात' या शब्दाखाली झाकून वाटीवाल्यांच्या हाती दिली की काय होतं ते ऐरोलीत दिसलं. आता तर 'कप' आलाय. कुठे तो २४० मिलिलिटरचा मापाचा कप असतो, कुठे घरातला चहाचा, जो दीडशेच्या आसपास असतो. लिहिणाऱ्याने एकदा, पहिल्याच ओळीत, 'माझी वाटी १८० मिलिलिटरची' एवढं लिहिलं तर त्याचं सगळं लिखाण दुसऱ्याच्या घरात चालतं. असं लिहिणारे ब्लॉग मी डोळे मिटून सुचवते.

दुसरी पारख शब्दांची. आपल्याकडे कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, कुडकुडीत, करकरीत हे पाच वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे आवाजही पाच वेगळे. कांदाभजी कुरकुरीत हवी. चकली खुसखुशीत हवी, कुडकुडीत नको. काकडी करकरीत. पोह्याचा पापड चुरचुरीत. या सगळ्यांना 'क्रिस्पी' म्हणणाऱ्या लेखात पदार्थ कुठल्या टोकाला बिघडला हे कळायची सोयच राहत नाही. चकलीचंच बघा. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ ४:२:१ अशी भाजणी बऱ्याच घरांत असते, वर धणे-जिरे. भाजणी तीच, तरी एका घरची खुसखुशीत होते आणि दुसरीकडची दातांना त्रास देते, कारण मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल. मोहन कमी पडलं तर कुडकुडीत आणि कडक, जास्त झालं तर चकली तेलात विरघळून तळाशी चुरा जमतो. पीठ घट्ट असेल तर सोऱ्यातून पडतानाच तुकडे होतात. मोठ्या आचेवर लाल केली तर बाहेरून झाल्यासारखी दिसते, पण आत पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. कधी काढायची? तेलातले बुडबुडे विरायला लागले की. बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर येतंय. ते थांबत आले म्हणजे आतलं पाणी संपलं. एवढी एक ओळ ज्या लेखात सापडली तो लेख मी दहा जणींना पाठवला असता. बाकीचे लेख 'सोनेरी रंगावर तळा' म्हणून मोकळे होतात. भाजणी जास्त भाजलेली असेल तर चकली तेलात पडायच्या आधीच सोनेरी असते.

खूण सांगणं आणि कारण सांगणं, या दोन गोष्टींसाठी मी नवी मुंबईकडच्या, खाडीकाठच्या खाण्यावरचं लिखाण फार शोधते आणि फार वेळा रिकाम्या हाताने परतते. थंडी पडली की पुरवण्यांमध्ये पोपटी येते. पनवेल-उरणकडच्या शेतातली शेकोटी, मडकं, वालाच्या शेंगा, हसणारी मंडळी. 'मडक्यात सर्व जिन्नस भरून भाजावे.' मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याच्या, म्हणजे एका उग्र वासाच्या रानझुडपाच्या, पाल्याचा जाड थर का, ते सांगायला नको? पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. वाफ होते ती पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलीची. पाला पातळ घातला तर शेंगा करपतात आणि तो खास उग्र वासही उतरत नाही. शेंगांवर जाडं मीठ आणि ओवा, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला इतका ठासून भरायचा की मडकं उलटं केल्यावर काही हलता कामा नये. मडकं उलटं ठेवायचं, म्हणजे वाफ वर तळाशी अडकते आणि शिजवत राहते. भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा, आणि आग चहूबाजूंनी सारखी, वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला जरा जास्त लक्ष. अर्धा-पाऊण तास. आणि झाली की नाही हे मडकं न उघडता कसं ओळखायचं? तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. पाणी पडताक्षणी चर्रकन उडालं तर झाली. ओघळून खाली आलं तर आणखी जाळ हवा. या शिपक्यावर सगळी पोपटी उभी आहे. मडकं मध्येच उघडलं तर वाफ गेली, ती परत येत नाही आणि मग शेंगा भाजल्या जातात, शिजत नाहीत. पोपटीवरचा कुठलाही लेख हातात आला की मी आधी त्यात तो शिपका शोधते.

दिवाळे, करावे, सारसोळे ही गावं आता उंच इमारतींच्या मधोमध आहेत आणि तिथल्या घरांत खाडीची मासळी अजून शिजते. निवट्या, चिवणी, बोय, चिंबोऱ्या. निवट्यांवर लिहिताना 'स्वच्छ धुऊन घ्याव्यात' असं एका वाक्यात जो उरकतो त्याने त्या हातात धरलेल्या नाहीत. निवटी जिवंत मिळते, उडी मारते, आणि अंगावर अशी बुळबुळ की बोटांत ठरत नाही. राख किंवा जाडं मीठ चोळून, धुऊन, पुन्हा चोळून ती बुळबुळ काढावी लागते. ती राहिली तर कालवणाला चिखलाचा वास येतो आणि पहिल्यांदा खाणारा आयुष्यभर निवट्यांना नावं ठेवतो. पावसाच्या तोंडाला चिवणी गाबोळीने भरलेली असते, तेव्हा चिंच जरा सांभाळून आणि ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून फिरवायचं, नाहीतर गाबोळी फुटून रस्सा गढूळ होतो. हे सगळं त्या गावांतल्या बायकांच्या हातात आहे, बोलण्यात आहे. लिखाणात मात्र 'पारंपरिक मसाला घालून' एवढंच येतं. आगरी मसाल्यात नेमकं काय, किती, मिरच्या कुठल्या, कडक उन्हात किती दिवस, हे मापानिशी लिहिलेलं एखादं जरी पान मिळालं तरी ते कपाटात कागदपत्रांच्या शेजारी ठेवावं अशा मोलाचं आहे. एका पिढीने काट्यावर तोलून ते लिहून ठेवलं नाही तर पुढच्या पिढीला फक्त विकतच्या पाकिटावरचा चवीचा अंदाज उरेल, ही काळजी मला खरीच आहे.

हॉटेलांवरच्या लिखाणाबद्दल थोडक्यात. ते सगळ्यात जास्त वाचलं जातं आणि सगळ्यात लवकर शिळं होतं. ठाण्यातल्या मामलेदार मिसळीबद्दल किती जणांनी किती वेळा 'झणझणीत' लिहिलंय याला गणती नाही. १९४६ पासून तहसील कचेरीच्या आसऱ्याने चाललेल्या त्या जागेबद्दल 'झणझणीत' या शब्दाने मला काहीही नवं कळत नाही. तर्री वर कशी येते हे सांगितलं तर कळतं. वाटण तेल सुटेपर्यंत परतलेलं असेल आणि त्यावर पाणी गरम घातलं असेल तर रस्सा मंद उकळत असताना तेल वर तवंग धरतं, मिरचीचा रंग तेलात उतरतो, आणि लाल थर वर नि पातळ रस्सा खाली असा वेगळा राहतो. गार पाणी ओतलं, सारखं ढवळत राहिलं, तर तेल फुटून रस्साभर पसरतं आणि तर्रीच उरत नाही. म्हणजे पहिल्या वाटीतला आणि तळाच्या वाटीतला तिखटपणा वेगळा, सकाळची मिसळ आणि दुपारची मिसळ वेगळी. कुठल्या वेळी खाल्ली, पातेलं भरलेलं होतं की उतरणीला लागलं होतं, हे लिहिणारा लेखक मला विश्वासाचा वाटतो. जिभेला किती पोळलं हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

१८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्या ठाण्यात वाचणारी घरं पुष्कळ, आणि त्या घरांत कात्रणंही पुष्कळ. बिस्किटांच्या डब्यात, जुन्या डायरीत, कपाटाच्या कागदाखाली. ती ठेवायची तर नीट ठेवावीत. कात्री लावायच्या आधी पानाच्या डोक्यावरची तारीख कात्रणाच्या मागे लिहावी, कारण हंगाम कळला की तांदूळ नवा होता की जुना, हवा कोरडी होती की ओली, याचा अंदाज येतो. वर्तमानपत्राचा कागद आम्लाने पिवळा होऊन ठिसूळ पडतो. तो नुसता डिंकाने वहीत चिकटवला तर दोन्ही बाजू हातच्या जातात. त्यापेक्षा झेरॉक्स काढून ती वापरात ठेवावी आणि मूळ कात्रण सपाट, अंधारात, पाकिटात. तुपाचा डाग पडलेलं कात्रण दुसऱ्या कात्रणांवर ठेवू नये, डाग खाली उतरत जातो. लिहायचं पेन्सिलीने. शाईचं अक्षर ओल्या हाताने पसरतं, पेन्सिलीचं राहतं. आणि फोटो काढताना चारी कडांपलीकडचा ओट्याचा काळा कडप्पा दिसेल इतका मोठा काढावा.

दुर्गा भागवतांसारख्या लोकसाहित्याच्या अभ्यासक 'खमंग' नावाचं पुस्तक लिहितात, तेव्हा स्वयंपाक हा अभ्यासाचा विषय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मला वाटतं, तेच समासातल्या पेन्सिलीलाही लागू आहे. 'वजनाने!' हा शब्द लिहिणाऱ्या नौपाड्यातल्या त्या सासूबाईंनी आधी एकदा तरी वाटीने करून पाहिलं असणार, अनारसे हसलेले पाहिले असणार, पीठ वाचवलं असणार, कारण शोधलं असणार, दुसऱ्यांदा काट्यावर तोलून खात्री केली असणार, आणि मग पेन्सिल शोधली असणार. उद्गारचिन्ह तिथून आलंय. संपादकाच्या टेबलावर जी टीप गळली ती त्यांनी ओट्यावर पुन्हा भरून काढली, आणि नाव न घालता.

नौपाड्याहून ऐरोलीला मग दुसरा फोटो गेला, कडेसकट. धाकटीने त्याची मोठी प्रिंट काढली. तिच्यात पेन्सिलीचा शब्द फिका आलाय, पण वाचता येतो. त्याच्याखाली आता निळ्या बॉलपेनने तीन ओळी आहेत. 'अधिक श्रावण, २०२३. तांदूळ पंख्याखाली ४ तास, तरी ओलसर. २५० ग्रॅम पिठाला गूळ २२५ पुरे. नमुना काढल्याशिवाय दुसरा सोडू नये.' थोरलीने विचारलं, "शाईने का लिहिलंस गं? पेन्सिलीने लिहायचं." तर धाकटी म्हणाली, "ताई, पेन्सिल फोटोत नीट उमटत नाही. आणि हा मला आता लेकीला पाठवायचाय."